किती संगणकांवर?

मदरबोर्ड बदलला, प्रोसेसर बदलला,
रॅमच्या दोन्ही पट्ट्या, डिस्क, वीजपुरवठ्याचा डबा.
जुनं उरलं ते एवढंच: पत्र्याचं खोकं
आणि त्यातला एक पंखा, जो सुरू होताना
घसा खाकरतो.

त्सियालाबाईंनी विचारलं, "मग हा माझाच ना?"
मी म्हटलं, "खोकं तुमचंच."
कुताईसीत माझं दुकान पांढऱ्या पुलाला लागून,
असले प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं फार नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टिम नव्यानं चढवली.
आकडा सरकत सरकत त्र्याण्णववर आला
आणि तिथंच बसकण मारून राहिला.
मग शंभर. मग कोपऱ्यात ती फिकट ओळ:
सक्रिय करा.
चावी तीच, पंचवीस अक्षरांची,
बाईंनी औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून जपलेली.
यंत्र म्हणालं, ही दुसऱ्या घराची.

"बँकेतही असंच," बाई म्हणाल्या.
"मनगट मोडलं, जुळलं, सही बदलली.
काउंटरवर आपला गोचा, माझ्याच जिन्यावर वाढलेला,
म्हणतो, मावशी, तुम्ही तुम्हीच
याला पुरावा काय?"
"मग?"
"तीन दिवस जुनी सही गिरवली.
माझीच नक्कल करायला शिकले."

फोन लावला.
पलीकडे ध्वनिमुद्रित बाई, रशियन बोलणारी,
मध्ये श्वास न घेणारी.
पडद्यावरचे आकडे त्सियालाबाई वाचणार, बटणं मी दाबणार.
नऊ गट.
"चार विसा नि पंधरा," त्यांनी सुरुवात केली.
"एकेक आकडा सांगा हो."
"एकोणीस वर्षं रिओनीचं पाणी विसाविसानंच मोजलंय.
आता जीभ वळायची नाही."
मग त्या बंद्या नोटा देत गेल्या
आणि मी मोड करून
सुटे आकडे टाकत गेलो.
पाचव्या गटात चुकलो. पुन्हा पहिल्यापासून.

शेजारच्या भट्टीतून पाव निघाले, वास आला, गेला.
आणि मग फोनमधल्या बाईनं विचारलं:
ही प्रत किती संगणकांवर आहे?

टेबलावर, वर्तमानपत्रावर, जुना मदरबोर्ड,
तीन फुगलेल्या कॅपॅसिटरांसकट.
अकरा वर्षं ही चावी त्याच्यातच फिरली.
नवा खोक्यात बसलेला, कोरा,
अजून कुणाचाच नाही.
माझं बोट हवेत.
प्रश्न पुन्हा आला, त्याच आवाजात, तितक्याच शांतपणे.

"एक म्हण," त्सियालाबाई म्हणाल्या.
"गेलेल्याला मोजत नाहीत."

मी एक दाबलं.

उत्तरात आठ गट आले. ते टंकले.
फिकट ओळ नाहीशी झाली,
काउंटरवर सही खपून जाते तशी,
कुणी वर न बघता.

बाईंनी रुमालाची गाठ सोडून पेनड्राइव्ह काढला.
पाणीपातळीची नोंद: रोज सकाळी सात, पुलाखालची पट्टी.
ते कचेरीचं दार केव्हाच बंद झालंय,
ही नोंद आता कुणी मागत नाही.
शेवटची ओळ मंगळवारची.
बुधवार-गुरुवार सातला त्या
माझ्या शटरपाशी उभ्या होत्या.

"आठवून भरा," मी म्हटलं, "येताना दिसलंच असेल."
"आठवणीतलं पाणी नेहमी जास्त भरतं," म्हणाल्या,
आणि मोडलेल्या हाताच्या दोन बोटांनी टंकलं:
यंत्र गैरहजर. नदी हजर.

पैसे मोजून दिले, वर आंबट आलुबुखारांच्या चटणीची बाटली.
जुना मदरबोर्ड मागून घेतला,
वर्तमानपत्रातच गुंडाळला, कडा आत मुडपून.
"त्याचं काय करणार?"
दारात थांबल्या.
"काही नाही. त्याला काय माहीत,
आपण एक म्हटलं ते."